सायकलीची शुद्धी

जुन्या वस्तूंविषयी आपल्या समाजात आजवर दोनच वृत्ती नांदत आल्या : एक भंगाराची आणि दुसरी देव्हाऱ्याची. वस्तू चालेनाशी झाली की ती माळ्यावर जावी आणि माळ्यावरून भंगारवाल्याच्या हातगाडीवर जावी, ही पहिली रीत. तीच वस्तू चुकून साठ-सत्तर वर्षे टिकली, तर तिला गंधफूल वाहून कोपऱ्यात बसवावी, ही दुसरी. अलीकडे सुशिक्षित वर्गात तिसरी एक रीत रूढ होऊ पाहत आहे, आणि ती या दोहोंहून अधिक घातक आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. जुनी सायकल खेड्यातून विकत आणावी, तिच्यावर गेल्या सत्तर वर्षांत जे जे चढले ते ते खरवडून काढावे, आणि विलायतेतील कारखान्याच्या दारातून ती ज्या दिवशी बाहेर पडली त्या दिवसाच्या रूपात तिला नेऊन उभी करावी, यास हे लोक जीर्णोद्धार म्हणतात. आम्ही यास शुद्धी म्हणतो, आणि शुद्धीच्या नावाने जे जे होते त्यात पुष्कळदा विटंबनाच अधिक असते, हे मराठी वाचकास नव्याने सांगावयास नको.

प्रथमच एक गोष्ट स्वच्छ केलेली बरी. जुन्या सायकलींच्या हौसेशी आमचे वैर नाही. पुण्यास कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी जमविलेल्या जुन्या सायकलींचे संग्रहालय २०१७ सालापासून आहे. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनविलेली बीएसएची घडीची सायकल तेथे पाहावयास मिळते, आणि मुलाबाळांसह ती अवश्य पाहावी अशी शिफारस आम्ही करू. इटलीत टस्कनी प्रांतात १९९७ पासून 'लेरोइका' नावाची यात्रा भरते. तीत माणसे जुन्या सायकली घेऊन येतात आणि मातीच्या कच्च्या रस्त्यांवरून त्या चालवितात. याही हौसेविषयी आम्हांस आदरच वाटतो. आमचा वाद हौसेशी नसून एका कल्पनेशी आहे, आणि ती कल्पना म्हणजे 'मूळ रूप' ही होय.

मूळ रूप म्हणजे कोणाचे? हा प्रश्न विचारण्यापूर्वी सायकल आपल्याकडे कोणत्या वाटेने आली ते ध्यानात घेतले पाहिजे. इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली याने १८८५ साली दोन्ही चाके जवळजवळ सारखी असलेली आणि साखळीने चालणारी 'रोव्हर' सायकल काढली. १८८८ साली डनलॉपने हवा भरलेली धाव बनविली. त्याच १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांचे सायकलींचे दुकान बेळगावात सुरू झाले. लक्ष्मणराव मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत. ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि त्यांचे बंधू रामूअण्णा त्या बेळगावात विकीत, इतकेच नव्हे तर घेणाऱ्यास त्या चालविण्यासही शिकवीत. पुढे ह्याच दुकानाच्या पोटातून कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर निघाले, आणि १९१० साली औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या बंधूंनी विलायती यंत्राची पूजा बांधली असती, त्याचा प्रत्येक खिळा जसाच्या तसा राहिला पाहिजे असा सोवळेपणा पाळला असता, तर महाराष्ट्रातील यंत्रोद्योगाचा हा अध्याय लिहिलाच गेला नसता. त्यांनी यंत्र उघडले, त्यात हात घातला, आणि आपल्या मातीला जे जुळेल ते घडविले. हात घालण्याची ही वृत्तीच आमच्या मते या साऱ्या इतिहासातील मौल्यवान वस्तू आहे.

त्याच औंध संस्थानचा आटपाडी महाल माण तालुक्याच्या शेजारी होता, आणि आटपाडी, सांगोला व माण हे सारे मुलूख मिळून आपण माणदेश म्हणतो. सह्याद्रीची सावली जेथे पावसाला अडवून धरते तो हा प्रदेश. ओढे कोरडे, बाभळी उदंड, आणि वाडी वाडीपासून दूर. दहिवडीच्या कचेरीत काम निघाले, म्हसवडच्या बाजारी जावयाचे झाले, गोंदवल्यास महाराजांच्या दर्शनास जावेसे वाटले किंवा चैत्रात शिंगणापूरच्या यात्रेस निघावयाचे असले, तर पूर्वी दोन पाय किंवा खिलारी बैल यांवाचून तिसरा आधार नसे. अशा मुलखात सायकल आली ती शाळामास्तराची, पोस्टमनची आणि ग्रामसेवकाची म्हणून; पुढे ती दूधवाल्याची झाली, आणि लग्नात जावयास घड्याळाबरोबर द्यावयाची वस्तू झाली. येथे आल्यावर तिला जे भोगावे लागले ते बर्मिंगहॅमच्या किंवा नॉटिंगहॅमच्या कारागिराने स्वप्नातही पाहिले नसेल. तिच्या धावेत बाभळीचे काटे रुतले, तिच्या छऱ्यांत धुळीची पेज झाली, आणि एका माणसासाठी केलेल्या तिच्या सांगाड्यावर बापलेक व ज्वारीचे पोते अशी तिहेरी स्वारी बसली.

मग माणदेशाने काय केले? जे कोणताही शहाणा मुलूख करील तेच केले. लोहाराने पट्टीचे लोखंड वाकवून दुप्पट रुंदीचे कॅरिअर बनविले. पुढचा चिमटा वाकू नये म्हणून आसापासून हँडलापर्यंत दोन जास्तीच्या सळया दिल्या. दुधाच्या किटल्या अडकविण्यास दोन्ही बाजूंस आकडे बसविले. मधल्या दांडीवर लेकरासाठी लाकडाची बैठक ठोकली. चामड्याची गादी फाटली तेव्हा जुन्या धावेचे रबर गुंडाळले, पायडलाचे रबर झिजले तेव्हा बाभळीच्या लाकडाचे ठोकळे घातले, आणि सारे झाल्यावर गावच्या रंगाऱ्याकडून साखळीच्या झाकणावर मालकाचे नाव व एखादे दैवत काढून घेतले. इंग्रजीत ज्यास हल्ली मोठ्या कौतुकाने आपल्या गरजेप्रमाणे वस्तू घडवून घेणे म्हणतात, ते माणदेशाने कोणाचे पुस्तक न वाचता दोन पिढ्या केले आहे.

आता शुद्धीचा प्रकार कसा चालतो ते एका उदाहरणाने सांगतो. गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत आणि सज्जन आहेत, म्हणून नाव घेत नाही. माण तालुक्यातील एका वाडीत त्यांना बीएसएची सायकल सापडली. हँडलाखालच्या नळीवर तीन बंदुका एकमेकींस टेकवून उभ्या केल्याची ती प्रसिद्ध मुद्रा अद्याप शाबूत होती. ही सायकल प्रथम एका प्राथमिक शिक्षकाची. त्यांच्यामागे मुलाने तिच्यावरून वीस-बावीस वर्षे दूध घातले. वर सांगितलेल्या सुधारणांपैकी निम्म्याहून अधिक तिच्या अंगावर होत्या. गृहस्थांनी ती भंगाराच्या भावाहून थोडी चढी किंमत देऊन घेतली. कॅरिअर कापले, सळया काढल्या, आकडे उखडले, झाकणावरचे नाव तेजाबाने धुतले. विलायतेहून नव्या छापाची जुनी चिन्हे मागविली, काळा चकचकीत रंग भट्टीत भाजून घेतला, त्यावर सोनेरी रेघा ओढविल्या. सायकल खरोखरच देखणी झाली. एका प्रदर्शनात तिचे कौतुकही झाले. काढून टाकलेले लोखंड त्यांनी रद्दीबरोबर विकले. त्या लोखंडात काय काय गेले, याची चौकशी प्रदर्शनात कोणी केली नाही.

आम्ही ती करतो. त्या लोखंडात एका लोहाराची बुद्धी गेली. किटलीचा भार मागे पडला की पुढचे चाक उचलते, म्हणून आकडे आसाच्या किंचित पुढे घ्यावे लागतात, हे गणित त्याने कोणत्या पाठशाळेत शिकले होते? त्या तेजाबात एका कुटुंबाचे नाव गेले. आणि जी शिल्लक राहिली ती वस्तू कोणती? जिच्यासारखी दुसरी विलायतेतील संग्रहांत मोप सापडेल अशी, कारखान्याच्या सूचिपत्रातील एक प्रत. जगात एकच होती ती मोडून, जगात हजारो आहेत तीत आणखी एकीची भर घातली, यास उद्धार म्हणावयाचे असेल तर शब्दांचे अर्थच बदलले पाहिजेत.

यापुढे जाऊन आम्ही असे म्हणतो की, हे शुद्धीवादी आपल्या स्वतःच्या कसोटीसही उतरत नाहीत. १९३० च्या सुमारापूर्वीच्या सायकलींवरचा मुलामा निकेलचा असे. क्रोमचा मुलामा त्यानंतरचा. निकेलची झाक किंचित पिवळसर व उबदार, क्रोमची निळसर व थंड. तरी १९२० च्या आसपासच्या सायकलीचे हँडल आरशासारख्या क्रोमने मढवून 'अगदी मूळचे' म्हणून दाखविणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. रॅलेच्या पायडलाच्या आसाच्या कपांस इंचाला २६ आटे असत व इतर बहुतेक इंग्रज कारखान्यांच्या कपांस २४. हा भेद न जाणता एकीचा कप दुसरीत जबरीने पिळून सांगाड्याचे आटे कायमचे मारून टाकणारेही ह्याच पंथाचे. स्टर्मे-आर्चरच्या तीन गतींच्या तुंब्यावर पुष्कळदा बनावटीच्या वर्षाचा आकडा ठोकलेला असतो; तो आकडा सांगाड्याच्या वयाशी जुळत नाही असे दिसताच, दुसरे चाक या सायकलीस कधी व का बसले असेल असा विचार करण्याऐवजी, चाकच बदलण्याची घाई होते. धावा नव्या, चिन्हे नवी, रंग नवा, मुलामा नवा. मग जुने काय उरले? उरली एक कल्पना, आणि तीही उसनी.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप आम्हांस एका विद्वान स्नेह्याने घेतला. ते म्हणाले, "नाथांनी शके १५०६ त ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, लोकांनी घुसडलेले पाठ काढून टाकले, त्यास आपण उपकार मानतो ना? मग सायकलीतील घुसड काढणे हा अपकार कसा?" आक्षेप मार्मिक आहे, परंतु त्यात उपमेयच चुकले आहे. ज्ञानेश्वरीस कर्ता आहे. तिच्यातील प्रत्येक ओवी त्या कर्त्याची वाणी म्हणून आपण वाचतो, आणि परक्याची वाणी त्याच्या तोंडी घालणे हा अपराध आहे. सायकल हे उपकरण आहे. ते पुरे होते ते वापरणाऱ्याच्या हातात. तिची तुलना करावयाचीच असेल तर ती ज्ञानेश्वरीशी न करता जात्यावरच्या ओवीशी करावी. आजीने एक ओवी गायिली, आईने तीत आपल्या माहेरच्या गावाचे नाव घातले, लेकीने आपल्या भावाचे. यातील 'मूळ' ओवी शोधून बाकीच्या प्रक्षिप्त म्हणून फेकून देणारा संशोधक निघाला, तर त्याच्या हाती काय लागेल?

दुसरा आक्षेप याहून बळकट आहे. २०२४ साली पंढरपुरास विठ्ठलमंदिराच्या संवर्धनाचे काम चालले असता गाभाऱ्यातील चांदीचे पत्रे उतरवून जुना दगड उघडा करण्यात आला, आणि भाविकांस ते दर्शन आवडले. तेथे नंतरची भर काढणे योग्य आणि सायकलीवरची काढणे अयोग्य, हा न्याय कोणता? यास आमचे उत्तर असे की, भर दोन प्रकारची असते. एक झाकणारी व दुसरी राबणारी. पत्रा दगडास झाकतो. तो दगडाच्या कामात काही भर घालीत नाही. माणदेशी लोहाराची सळई सायकलीस झाकीत नाही, ती चिमट्याचा भार वाहते. झाकणारी भर काढावी, राबणारी राखावी. सायकलीवरही झाकणारी भर असते : गंजावर गंज न काढता फासलेले तैलरंगाचे चार-पाच थर, निरुपयोगी प्लास्टिकच्या झिरमिळ्या. त्या काढण्यास आमची मुळीच हरकत नाही. रस्किनने १८४९ साली जुन्या इमारतींच्या जीर्णोद्धारास सर्वांत वाईट प्रकारचा विध्वंस ठरविले आणि मॉरिसने १८७७ साली त्याविरुद्ध मंडळीच काढली. ज्या देशातून ही सायकल आली त्याच देशाने मूळ रूपाच्या मोहाविरुद्ध इतक्या आधी बंड केले असता, आपण मात्र त्याच्या सूचिपत्राची पारायणे करीत बसावे, हे नवल होय.

ह्या शुद्धीमागे आमच्या मते कलादृष्टीपेक्षा एक जुना न्यूनगंड अधिक आहे. परक्याने घडविले ते अस्सल, आपल्याने बदलले ते बिघडविले, ही समजूत अजून आपल्या मनातून गेलेली नाही. आपण भाषेच्या शुद्धीचे वादही पुष्कळ केले. सायकल या शब्दासही 'दुचाकी' हा पर्याय आला. परंतु आजच्या वर्तमानपत्रांतून दुचाकी म्हणजे मोटारसायकल असाच अर्थ झाला आहे, आणि सायकल मात्र सायकलच राहिली. वापरणारा आपल्या सोयीने शब्द ठेवतो आणि सोयीने वाकवितो. त्याच्यावर कोशकाराचा हुकूम चालत नाही. जी मुभा आपण शब्दास देतो ती लोखंडास का देऊ नये? व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं' या पुस्तकाने १९४९ साली त्या मुलखातील साध्या माणसांस वाङ्मयात मानाची जागा मिळाली. त्याच माणसांच्या हातच्या कामास आपल्या दिवाणखान्यात मात्र जागा नसावी, हा आपल्या रसिकतेतील दुटप्पीपणा आहे.

शुद्धीवाद्यांचा एक दूरचा भाऊबंद आहे, त्याचाही समाचार येथेच घेतलेला बरा. तो म्हणजे सजावटवाला. हा सायकलीस गुलाबी रंग देतो, तिच्या मागच्या चाकाचे मेज करतो, उपाहारगृहाच्या भिंतीवर तिला टांगतो किंवा तिच्या टोपलीत प्लास्टिकची फुले ठेवतो. "तुम्हीच म्हणता ना, की प्रत्येकाने वस्तूत भर घालावी? मग माझा गुलाबी रंग ही माझी भर," असे तो आम्हांस म्हणेल. त्यास आमचे उत्तर सरळ आहे. भर घालण्याचा हक्क ज्याला त्याला आहे, पुसण्याचा नाही. दूधवाल्याने आकडे बसविले तेव्हा मास्तरांची सायकल तो वापरीतच होता. त्याने तिचे चालणे वाढविले. सजावटवाला तिचे चालणेच बंद करतो. जी सायकल चालत नाही तिच्यावर कितीही कलाकुसर केली, तरी ती पेंढा भरलेल्या वाघाच्याच जातीची.

परंतु याहून मोठी हानी दुसरीच आहे, आणि तिच्यासाठीच हा लेख लिहिण्याचा आम्ही घाट घातला. सायकल दुरुस्त करण्याची विद्या नष्ट होत चालली आहे. १९५१ साली सोनपतास सुरू झालेल्या ॲटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. कारखाने बंद पडतात व नवे निघतात. पण तालुक्याच्या गावी चिंचेखाली बसणारा, चाकाचा आऊट कानाने ऐकून काढणारा, कोनाची पकड बोटाने जोखणारा कारागीर गेला, की तो पुन्हा निघत नाही. त्याची मुले मोटारसायकली दुरुस्त करतात, आणि पोटासाठी ते योग्यच आहे. शुद्धीवाल्या हौशी माणसास या कारागिराची गरज भासत नाही. त्याला रंगारी व मुलामेवाला पुरतो. ज्याला सायकल चालवावयाची आहे त्यालाच हा कारागीर लागतो. अर्थात जुनी सायकल चालती ठेवणे म्हणजे केवळ एक वस्तू राखणे नव्हे, एक विद्या राखणे होय. आणि वस्तूपेक्षा विद्या दुर्मीळ असते.

मग करावे काय? आमची पद्धत अगदी साधी आहे. सायकल हाती आली की पाना उचलण्यापूर्वी लेखणी उचलावी. ज्या घरून ती आली तेथील वडीलधाऱ्यांस विचारून, कोणता भाग कोणी, कधी व कशासाठी बसविला ते टिपून घ्यावे. दर भागाची छायाचित्रे घ्यावी. मग रॉकेल, मऊ पितळी ब्रश व चिंधी यांनीच साफसफाई करावी. पुष्कळदा गंजाखालून जुना रंग व सोनेरी रेघ जिवंत निघते, आणि रंग देण्याची गरजच उरत नाही. जिवाशी संबंध असलेले भाग, म्हणजे ब्रेकचे रबर, धावा, साखळी, छरे, कॉटर, हे खुशाल नवे घालावे. तेथे जुनेपणाचा हट्ट धरणे हा मूर्खपणा आहे. राबणारी भर जागेवर ठेवावी. एखादा भाग काढणे भागच पडले, तर तो चिठ्ठी बांधून पेटीत ठेवावा, भंगारात देऊ नये. आणि मग आपली भर खुशाल घालावी. पुस्तकांसाठी पेटी हवी असेल तर ती बसवावी, रात्री हिंडावयाचे असेल तर विजेचा दिवा लावावा. मात्र ती पट्ट्यांनी व पेचांनी बसवावी, झाळून नव्हे, म्हणजे पुढच्या पिढीस आपली चूक वाटली तर ती सहज सोडविता येईल. आणि सर्वांत शेवटी, सायकल चालवावी. तेलाचा थेंब व पायाचा जोर यांनी तिचे जितके रक्षण होते तितके काचेच्या कपाटाने होत नाही.

आमच्या वाचकांपैकी अनेकांची मूळ गावे देशावर आहेत, आणि कित्येकांच्या जुन्या घरांच्या पडवीत अशी एखादी सायकल कणगीमागे उभी असेल. दिवाळीस गावी गेल्यावर ती बाहेर काढावी. तिच्यावरचे वाकडेतिकडे कॅरिअर पाहून लाज वाटून घेऊ नये, आणि ती मागावयास येणाऱ्या पुण्यामुंबईच्या गिऱ्हाइकास ती लगेच देऊनही टाकू नये. ते कॅरिअर आपल्या आजोबांच्या गरजेचे व गावच्या लोहाराच्या बुद्धीचे संयुक्त अपत्य आहे. त्याचा जन्मदाखला बर्मिंगहॅमास मिळावयाचा नाही. मुलाबाळांस ती सायकल शिकवावी, पंक्चर काढण्यास तालुक्याच्या कारागिराकडेच न्यावी, आणि पुढेमागे झाकणावरचे आजोबांचे नाव पुसट होऊ लागले, तर त्याखाली आपले नाव लिहावे. त्यावर मात्र लिहू नये.